मालिकेतले पात्र आणि पडद्यावरचा सल्लागार

कथाकथन, वर्तनबदल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे तीनही विषय एकाच प्राध्यापकाच्या परिचयात आले, की हे गृहस्थ संगणकाकडून बोधकथा लिहून घेत असावेत, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात गोष्टीतून वागणूक बदलण्याची परंपरा वेगळी आणि संगणकाशी बोलून ती बदलण्याची वेगळी.

पहिलीत प्रेक्षक दुसऱ्याचे आयुष्य पाहतो. मेक्सिकोत दूरचित्रवाणी-निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७०च्या दशकात साक्षरता आणि कुटुंबनियोजन हे विषय मालिकांत गुंफले. इतरांच्या वागण्याचे परिणाम पाहूनही माणूस शिकतो, हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धान्त त्यांना आधाराला होता. त्याच धर्तीवर ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्यातले तात्पर्य सांगू लागले. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संज्ञापनाच्या अभ्यासकांनी या मालिकेच्या परिणामांचा अभ्यास केला, तेव्हा एक अडचणीची गोष्ट पुढे आली. सगळे निमूट सोसणारी भागवंती हे पात्र ‘असे वागू नये’ हे दाखवण्यासाठी रचलेले होते, पण कित्येक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. अशोक कुमारांसारखा भाष्यकार असूनही हे घडले, आणि मला तरी त्यात नवल वाटत नाही. गोष्ट ज्याची त्याने आपल्या परीने ऐकायची असते आणि समोरच्याने तिचा काय अर्थ घेतला, हे मालिकेला कळत नाही.

दुसऱ्या परंपरेत यंत्र ऐकणाऱ्याकडे पाहते. संगणकशास्त्रज्ञ टिमथी बिकमोर यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात असताना ‘लॉरा’ नावाची व्यायाम-सल्लागार घडवली. ही संगणकाच्या पडद्यावरची बाई काल किती चाललात ते विचारी, उत्तर ऐकून पुढचे उद्दिष्ट ठरवी आणि मधूनच ख्यालीखुशालीही विचारी. संवाद आधी लिहून ठेवलेला असल्यामुळे वापरणाऱ्याने दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असे. महिनाभराच्या प्रयोगात आपुलकीने बोलणारी लॉरा लोकांना अधिक जवळची वाटली आणि तिच्याशी पुढेही बोलत राहण्याची इच्छा अधिक दिसली. मात्र आपुलकी वगळलेल्या लॉराच्या तुलनेत व्यायामात लक्षणीय फरक पडला नाही. जवळीक आणि वर्तनबदल या दोन मोजण्या निराळ्या आहेत, हे या क्षेत्रातील लेखनात फार वेळा विसरले जाते.

दोन्ही परंपरा एकत्र येतात त्या बिकमोर यांच्याच २००९ मधील प्रयोगात. चालण्याच्या व्यायामाला प्रवृत्त करणारे आभासी पात्र काही जणांना आयुष्यातले प्रसंग ‘माझ्या बाबतीत घडले’ असे सांगे, तर काहींना तेच प्रसंग दुसऱ्या कुणाचे म्हणून सांगे. ‘मी’ म्हणून ऐकलेल्यांना संभाषण अधिक आवडले, त्यांनी अधिक वेळा संवाद साधला, आणि पात्र अप्रामाणिक असल्याची भावना त्यांच्यात वाढलेली आढळली नाही. संगणकाला बालपण नसते हे ठाऊक असूनही हे घडले.

त्या पात्राच्या बालपणाचे प्रत्येक वाक्य निदान संशोधकांनी आधी पाहिलेले होते. आजची भाषिक प्रारूपे, म्हणजे स्वतःच मजकूर रचणाऱ्या संगणकप्रणाली, असे आत्मचरित्र संभाषण चालू असतानाच रचू शकतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला नेमके काय सांगितले गेले, हे तपासण्याची वेळ ते सांगून झाल्यावरच येते.