वाढीव आवृत्तीत नेमकं काय वाढतं?

सुपरहिरोपटाची घरबसल्या पाहायची लांब आवृत्ती ही गोष्ट डीव्हीडीपेक्षा जुनी आहे, आणि तिची सुरुवात हिशेबातून झाली. १९७८ चा 'सुपरमॅन' चित्रपटगृहात १४३ मिनिटांचा होता. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने तो दोन रात्रींत दाखवला, तेव्हा तो १८२ मिनिटांचा झाला. निर्माते साल्काइंड यांना वाहिनीकडून मिनिटांवर पैसे मिळत होते, म्हणून बाजूला ठेवलेलं चित्रीकरण पुन्हा जोडलं गेलं. वाढीव भागात खलनायक लेक्स लूथरच्या भुयारात शिरताना सुपरमॅनवर गोळ्या, आग आणि बर्फाचा मारा होतो. यातलं काहीच त्याला अडवणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, त्यामुळे मिनिटं वाढली तरी ताण वाढत नाही.

चित्रपटगृहासाठी कात्री चालते ती मुख्यतः दोन कारणांनी. लांबी अडीच तासांच्या पुढे गेली की एका पडद्यावर दिवसाचा एखादा खेळ कमी होतो. दुसरं कारण वयोगटाच्या प्रमाणपत्राचं: अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं 'पीजी-१३' प्रमाणपत्र हवं असेल तर रक्त आणि क्रौर्य मर्यादेत ठेवावं लागतं. ही दोन्ही बंधनं घरच्या आवृत्तीला फारशी लागू नसतात. म्हणून एकच प्रश्न विचारायला हवा: कापताना काय गेलं होतं, कथेचा सांधा की नुसती सजावट?

'डेअरडेव्हिल' हे सांधा गेल्याचं उत्तम उदाहरण. २००३ ची मूळ आवृत्ती १०३ मिनिटांची, २००४ ची दिग्दर्शकाची आवृत्ती १३३ मिनिटांची. परतलेल्या अर्ध्या तासात नायक मॅट मर्डॉक एका आरोपीचा खटला लढवतो. या खटल्याचे धागेदोरे गुन्हेगारांचा म्होरक्या किंगपिनपर्यंत जातात, त्यामुळे शेवटी पोलीस किंगपिनच्या दारात कसे पोचले हे कळतं. शिवाय नायक दिवसा वकील आहे ही गोष्ट फक्त सांगितली न जाता दिसते. मूळ आवृत्तीत गच्चीवरच्या भेटीनंतर तो प्रेयसी एलेक्ट्राजवळ थांबतो. वाढीव आवृत्तीत मदतीची हाक ऐकून निघून जातो. इथे तर दृश्य लांबलेलं नाही, माणूसच बदलला आहे.

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' मध्ये (२०१६) हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे. १५१ मिनिटांचा चित्रपट त्याच उन्हाळ्यात साधारण १८२ मिनिटांचा होऊन आला. आफ्रिकेतल्या हत्याकांडासाठी सुपरमॅनला का धरलं जातं, हे चित्रपटगृहात नीट लागत नव्हतं. वाढीव भागात भाडोत्री सैनिक प्रेतं जाळताना दिसतात, म्हणजे संशय त्याच्या डोळ्यांतून निघणाऱ्या ज्वाळांवर जावा. साक्ष देणारी बाई लूथरच्या दबावाखाली खोटं बोलली हेही उघड होतं. संसदेतल्या स्फोटाआधी सुपरमॅनला बॉम्ब का दिसला नाही? बॉम्ब लपवलेल्या चाकाच्या खुर्चीला आतून शिसं होतं, आणि शिशापलीकडचं त्याला दिसत नाही म्हणून. क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन बॅटमॅनबद्दल चौकशी करतो, तेव्हा दोघांचं वैर एका बाजूने पोकळ राहत नाही. या आवृत्तीने चित्रपट निःसंशय सुधारला. मात्र सूर तितकाच जड राहिला, कारण तो कात्रीमुळे आलेलाच नव्हता.

उलट बाजूची उदाहरणं थोडक्यात. 'स्पायडर-मॅन २' ची २००७ ची आवृत्ती आठ मिनिटांनी लांब आहे. त्यात संपादक जेमसन स्पायडर-मॅनचा पोशाख घालून कचेरीत नाचतो. गंमत आहे, पण मूळ चित्रपटाला कशाची उणीव नव्हती. 'एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट' मध्ये (२०१४) 'रोग' नावाच्या नायिकेच्या सुटकेचं उपकथानक पूर्णच काढलं होतं, २०१५ मध्ये ते १७ मिनिटांसह परत आलं. दोन काळांतल्या मोहिमा आलटून पालटून दिसतात, ते देखणं आहे. पण आपल्या शक्तीने साथीदाराला भूतकाळात धरून ठेवणाऱ्या जखमी किटीने शेवटपर्यंत तग धरण्यातला ताण रोगने तिची जागा घेताच सैलावतो.

कापलेलं दृश्य परत जोडणं म्हणजे नुसती फीत चिकटवणं नव्हे. आधीच काढलेल्या दृश्याचे दृश्यपरिणाम बहुतेकदा अर्धवट असतात, ते पूर्ण करावे लागतात. पार्श्वसंगीत मूळ लांबीला बेतलेलं असतं. मध्ये दोन मिनिटं घातली की सूर तुटतो आणि तो जोडायला नवा तुकडा लागतो. रंग आणि ध्वनिमिश्रण दोन्ही बाजूंच्या दृश्यांशी जुळलं नाही तर जोड चटकन ओळखू येतो.

डिस्कवर दोन्ही आवृत्त्या मावाव्यात म्हणून सामायिक भाग एकदाच साठवतात आणि निवडीप्रमाणे प्लेअर तुकड्यातुकड्यांवर उड्या मारतो. काही जुन्या प्लेअरवर अशा उडीला चित्र क्षणभर थबकतं. तो दोष संकलनाचा नसतो. लांबी तपासतानाही एक सापळा आहे. युरोपातल्या 'पाल' (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी चालतात, म्हणून १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. वेष्टणावरचा आकडा कमी दिसला म्हणून दृश्यं कापली असं धरू नये.

काही आवृत्त्यांना 'वाढीव' म्हणणंच चूक आहे. 'सुपरमॅन २' ची, मूळ दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांची २००६ ची आवृत्ती चित्रपटगृहातल्या आवृत्तीपेक्षा छोटी आहे. त्यांच्या जागी आलेल्या रिचर्ड लेस्टर यांनी नंतर चित्रित केलेला बराच भाग काढून डॉनर यांचं काम तिथे बसवलं, आणि एका महत्त्वाच्या प्रसंगाचं चित्रीकरणच झालं नव्हतं म्हणून कलाकारांच्या चाचणीची फीत वापरली. २०२१ मध्ये आलेली झॅक स्नायडर यांची २४२ मिनिटांची 'जस्टिस लीग' तर २०१७ च्या १२० मिनिटांच्या चित्रपटात भर घालून बनलेली नाही. स्नायडर मध्येच बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिग्दर्शकाने चित्रित केलेलं वगळून ती मूळ चित्रीकरणावर नव्याने रचली आहे, चौकटही जवळपास चौरस ठेवली आहे. अशा ठिकाणी किती मिनिटं वाढली हे मोजण्यात अर्थ नाही, दोन चित्रपट शेजारी ठेवूनच पाहावे लागतात.