बिडीच्या बंडलावर इशारा उशिरा आला

१९७५ साली सिगारेटचा कायदा झाला आणि पाकिटावर 'आरोग्यास हानिकारक' ही ओळ आली. बिडीला तो कायदा लागू नव्हता. देशात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त, तरी इतकी वर्षं बंडल त्यातून सुटलं. २००३ च्या 'कोटपा' म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांच्या कायद्यानं सगळाच तंबाखू एका कक्षेत आणला. अठरा वर्षांखालच्यांना तो विकायला बंदी झाली, शाळेपासून शंभर यार्डांच्या आतही. चित्रांसकट इशारे छापले जायला मात्र ३१ मे २००९ उजाडलं.

तोवर 'बिडी म्हणजे काय, पानच तर आहे' ही समजूत घट्ट झाली होती. खरं उलटंच आहे. तेंदूपानातून हवा खेळत नाही, बिडी सारखी विझू बघते, म्हणून दम लावून ओढावी लागते. तिच्या धुरात निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त जातं.

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. त्यात तंबाखू, कातरलेली पानं, दोरा. पोर शेजारीच गृहपाठ करतं, त्याची फी त्याच सुपातून निघते. ज्यावर घर चालतं ते घातक आहे, हे त्याला कुणी आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? मिझोराममध्ये तर तंबाखूच्या धुराचं पाणी, 'तुइबुर', पाहुण्यापुढे ठेवायची रीत. आपल्याकडे तव्यावर भाजलेली मिश्री आजी दाताला लावते आणि नात ती पाहत मोठी होते. हिमाचलनं मात्र धूरबंदी मनावर घेतली; २०१३ मध्ये ते धूम्रपानमुक्त राज्य म्हणून जाहीर झालं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१९ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा ही दरी आकड्यांत उतरली. १३ ते १५ वर्षांच्या मुलांत कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे देशभरात ८.५ टक्के, मिझोराम आणि अरुणाचलात ५८, हिमाचलात १.१. हे आकडे सवयीचे आहेत, पण माझ्या मते धोका कुठे जाणवतो आणि कुठे जाणवतच नाही, तेही त्यांतून दिसतं. शाळा कायमची सोडलेली पोरं या मोजणीत नाहीत, आणि मला काळजी त्यांचीच जास्त वाटते.

याच पाहणीत बिडी ओढून पाहिलेल्या मुलांपैकी ४७ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच ओढली होती. शाळेतला तंबाखूविरोधी तास त्यानंतरच्या इयत्तेत झाला, तर या मुलांसाठी तो उशिराच येतो.