तीस वर्षं बाजूला पडलेला प्रश्न

जमिनीत धातूच्या खुंट्या ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि पृष्ठभागावर ठिकठिकाणी व्होल्टेज मोजायचं. खाऱ्या पाण्याने भरलेला थर वीज सहज वाहू देतो, तेलाने भरलेला खडक अडवतो. तेल शोधणाऱ्यांची ही पद्धत जुनीच. १९४७च्या सुमारास अर्जेंटिनातल्या वायपीएफ या सरकारी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलेल्या एका सिव्हिल इंजिनिअरला मात्र तिच्यात वेगळाच प्रश्न दिसला. बाहेरची सगळी मापं अगदी अचूक मिळाली, तर आतली वाहकता नक्की ठरते का? की आतून निराळे असलेले दोन खडक बाहेरून तंतोतंत सारखे भासू शकतात?

हे आल्बेर्तो काल्देरोन. जन्म १९२०, मेंदोसा. गणितावर पोट भरत नाही म्हणून डॉक्टर वडिलांनी त्यांना इंजिनिअरिंगला घातलं होतं. कंपनीतलं काम त्यांना आवडलं. वागणूक बरी मिळाली असती तर तिथेच राहिलो असतो, असं त्यांनी पुढे सांगितलं.

१९४८ मध्ये शिकागोचे गणितज्ञ अंतोनी झिगमुंड ब्युनोस आयर्सला आले. त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नावर काल्देरोन गोंधळले, कारण उत्तर झिगमुंड यांच्याच पुस्तकात आहे अशी त्यांची समजूत होती. ते तिथे नव्हतं. काल्देरोन पुस्तकातली फक्त विधानं वाचत आणि सिद्धता स्वतः रचत. त्यांची सिद्धता छापील सिद्धतेपेक्षा जास्त काही सांगून जात होती. पुढच्याच वर्षी ते शिकागोला गेले आणि १९५० मध्ये पीएचडी झाले.

त्यांच्या कारकिर्दीची गोष्ट बहुधा इथूनच सुरू केली जाते, आणि शिकागोत जे घडलं ते खरोखरच मोठं होतं. हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म नावाचा एक ऑपरेटर आहे, म्हणजे एका फलनातून दुसरं फलन काढून देणारी क्रिया. त्यातल्या इंटिग्रलमध्ये भाजक शून्य होतो, पण दोन्ही बाजूंची अधिक-उणे मूल्यं एकमेकांना खातात आणि उत्तर हाती लागतं. हे उत्तर हाताबाहेर जात नाही हे मार्सेल रीस यांनी १९२०च्या दशकात दाखवलं, पण संमिश्र संख्यांच्या आधाराने, म्हणजे फक्त रेषेवर. प्रतलात नि अवकाशात तो आधार सुटतो.

तिथे कामी आलेली काल्देरोन-झिगमुंड जोडीची १९५२ मधली युक्ती कागदावर करून बघण्यासारखी आहे. प्रतलावर एखादं फलन, म्हणजे प्रत्येक बिंदूवर एक उंची, पसरलंय आणि मधूनच फार उंच जातंय. एक मोठा चौरस घ्या, त्यावर उंचीची सरासरी काढा. ती ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर चौरसाचे चार तुकडे करा, पुन्हा सरासरी काढा. सरासरीने मर्यादा ओलांडली की तो तुकडा बाजूला ठेवा, पुढे कापू नका. त्याची सरासरी मर्यादेच्या चौपटीवर जाऊच शकत नाही, कारण ज्या चौरसातून तो कापला तो चौपट मोठा होता आणि मर्यादेत होता. उरलेल्या भागात फलन जवळजवळ सर्वत्र मर्यादेतच राहतं. इतकी साधी कापाकापी. पण त्यानंतर हार्मोनिक ॲनालिसिसमध्ये, म्हणजे फलनं लाटांत फोडून अभ्यासणाऱ्या गणितात, तिच्याशिवाय पान हललं नाही.

मग १९५८ मध्ये याच ऑपरेटरांच्या बीजगणितातून त्यांनी आंशिक विकलक समीकरणांबद्दलचा (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) एक एकमेवतेचा, म्हणजे उत्तर एकच असतं असं सांगणारा, निकाल काढला. १९७७ मध्ये कोपरे असलेल्या वक्रांवरच्या कोशी इंटिग्रलचा, म्हणजे हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मच्या वक्रावरच्या भावंडाचा, निकाल आला, पण कोपरे बोथट असण्याच्या अटीवर. ती अट १९८२ मध्ये कॉइफमन, मॅकिंटॉश आणि मेयर यांनी काढून टाकली.

तेलाचा प्रश्न या सगळ्या काळात तसाच होता. तो १९८० मध्ये रिओ दी जानेरोच्या एका परिसंवादाच्या खंडात, जेमतेम नऊ पानांत छापून आला. आता तो ऑपरेटरच्या भाषेत होता: कडेवर व्होल्टेज द्या, कडेवरचा प्रवाह घ्या, या ऑपरेटरवरून वाहकता ओळखता येते का? वाहकता सगळीकडे जवळपास सारखी असेल तेव्हाचं सरळ रूप त्यांनी सोडवलं. एका दिशेने लाटांसारखी हलणारी आणि दुसऱ्या दिशेने एक वेगाने वाढणारं, एक तितक्याच वेगाने घटणारं, अशी दोन हार्मोनिक फलनं (एकसारख्या वाहकतेत व्होल्टेज पाळतं तो नियम पाळणारी) घेतली. त्यांच्या गुणाकारात वाढ-घट कटते आणि निव्वळ लाट उरते, म्हणजे थेट फूरिए विश्लेषणच, लाटांवरून मूळ फलन ओळखण्याची पद्धत. मला त्यांच्या साऱ्या कामात हीच नऊ पानं सर्वांत देखणी वाटतात.

तीच कल्पना घेऊन सिल्वेस्टर आणि उलमन यांनी १९८७ मध्ये तीन व अधिक मितींत, गुळगुळीत वाहकतेसाठी, पूर्ण प्रश्न सोडवला. प्रतलातलं उत्तर नाखमन यांनी १९९६ मध्ये दिलं. अगदी खडबडीत वाहकतेसाठी ते २००६ मध्ये अस्ताला आणि पाइव्हारिंता यांनी पुरं केलं. काल्देरोन १९९८ मध्ये गेले.

आता याच कल्पनेवर अतिदक्षता विभागात रुग्णाच्या छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून फुप्फुसं पडद्यावर बघतात. तिथे वीज अडवते ती हवा.