ट्रॅव्हल पास वेगळा, स्की पास वेगळा

डिसेंबर जवळ आला की स्वित्झर्लंडचे बेत सुरू होतात आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: "स्विस ट्रॅव्हल पास काढलाय, मग स्की पास कशाला?" ट्रॅव्हल पास देशभर फिरण्याचा, स्की पास बर्फाच्या उतारांवरच्या लिफ्ट आणि गाड्यांचा. तेच उत्तर देऊन कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ट्रॅव्हल पास बहुतेकांना माहीत असतो. ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा. रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, म्युझियम सगळं त्यात. आपल्या एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास'चा श्रीमंत भाऊ म्हणा. एसटी पाचाडला सोडते, रायगडाच्या रोपवेचं तिकीट मात्र आपलं आपण काढायचं. तिथेही तसंच.

घोळ होतो तो पास नक्की कुठे संपतो यावर. उन्हाळ्यात रिगी डोंगरावर जाऊन आलेले लोक सांगतात, डोंगरावरच्या गाड्या फुकट असतात. रिगीची गाडी पासवर फुकट आहे, हे खरं. पण डोंगरावर वरपर्यंत फुकट, हे युंगफ्राऊच्या डोंगराळ भागात लागू नाही. तिथे लाउटरब्रुनेन गावाहून वरच्या वेंगन गावाला चढणाऱ्या गाडीत पास चालतो. तीच गाडी पुढे २०६१ मीटरवरच्या क्लायने शायडेक स्टेशनला जाते. जागा तीच, खिडकी तीच, पण वेंगन स्टेशन सुटलं की पास संपला; पुढे तिकिटावर फक्त २५ टक्के सवलत. ग्रिंडेलवाल्ड गावाच्या बाजूनेही हाच नियम. तिथून आयगर एक्सप्रेस नावाच्या रोपवेचा पाळणा १५ मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेतो, पण फुकट नाही. ही सवलत जाण्यायेण्याच्या तिकिटावरची आहे. ती स्की पासवरही मिळेल असं धरून बजेट आखू नका.

स्की पासचं बरोबर उलटं. झुरिकहून येताना त्याचा काडीचा उपयोग नाही, पण वेंगन–क्लायने शायडेक गाडीत तो दिवसभर चालतो. घसरत खाली या, पुन्हा गाडीत बसा, नाहीतर चेअरलिफ्ट, म्हणजे तारेवरची खुर्ची, पकडा. मात्र तोही आयगरग्लेचरलाच थांबतो. ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राऊयोख स्टेशनचं तिकीट वेगळं. आणि तिथे स्की करायचं नसतंच! ते बघण्याचं ठिकाण आहे. जाहिरातीतले फोटो पाहून युंगफ्राऊयोख आणि स्कीचे उतार यांची खिचडी करणाऱ्यांना मी हात जोडतो.

साधा ट्रॅव्हल पास सलग दिवसांचा असतो. ग्रिंडेलवाल्डमध्ये चार दिवस स्की करणार असाल तर तेवढे दिवस तो बॅगेत पडून राहील. म्हणून फ्लेक्स पास घ्या. महिन्याभरातले हवे ते दिवस निवडता येतात. मुक्काम खाली इंटरलाकेन शहरात ठेवून रोज वर जाण्याचा हट्ट मला कधीच पटला नाही. स्की करायचं तर वर राहा.

बाकी किरकोळ. उतारावर निळी खूण सोपी, लाल मध्यम, काळीकडे बघू नका. स्की, बूट, हेल्मेट भाड्याने घ्यावे लागतात, स्की पासात येत नाहीत. पहिल्यांदाच शिकणार असाल तर पहिल्या दिवशी पूर्ण भागाचा पास घेणं म्हणजे पैसे बर्फात घालणं. ग्रिंडेलवाल्डच्या बोडमी उतारावर प्रशिक्षकाबरोबर धडपडा. स्की पासचं कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवा, शेजारी मोबाईल नको. आणि स्की न करणाऱ्या आई-बाबांसाठी उगाच स्की पास काढू नका. नुसतं बर्फात चालायचं किंवा घसरगाडीवर बसायचं असेल तर त्याचा निराळा पास मिळतो.