पार्श्वभूमी : ‘व्हेन्जन्स’ कुणावर, कुणाकडून?

मराठवाड्यातल्या इंग्रजीच्या वह्यांमध्ये एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या येत आलं आहे : ‘ही टूक व्हेन्जन्स फ्रॉम हिज एनिमी’, म्हणजे त्याने शत्रूवर सूड उगवला. मास्तर लाल शाईने ‘फ्रॉम’ कापतात, वर ‘ऑन’ लिहितात आणि पुढची वही ओढतात. पोरं ‘ऑन’ पाठ करतात, परीक्षेत पुन्हा ‘फ्रॉम’ लिहितात.

‘व्हेन्जन्स’ या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये. ‘विंडिकारे’ म्हणजे हक्क सांगणे, दाद मागणे, आणि त्यातूनच सूड घेणे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, साधारण १३००च्या सुमारास. म्हणजे शब्द मुळात कज्जेदलालीतला. ‘व्हिंडिकेट’ (खरं किंवा निर्दोष ठरवणे) त्याचाच भाऊबंद. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘सूड घेणं माझ्याकडे, फेड मी करीन’ अशा अर्थाचं वचन याच शब्दाने सुरू होतं. आजही त्याच्या अंगावर थोडं सोवळं आहे ते अशा वापरामुळे. सुडाचाच दुसरा इंग्रजी शब्द ‘रिव्हेंज’ बाजारातला, ‘व्हेन्जन्स’ देवळातला, असं म्हटलं तरी चालेल. चहाच्या उधारीवरून झालेल्या भांडणात ‘व्हेन्जन्स’ वापरला तर हसू येतं.

आता आपल्याकडचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राज्याचा कारभार १८८०च्या दशकात फारसीवरून उर्दूवर आला, १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचं विद्यापीठ निघालं आणि इंग्रजी तिथे एक सक्तीचा विषय म्हणून राहिली. घरात मराठी, कचेरीत उर्दू. इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्गात सांगायचा तो उर्दूतून : इंतकाम, बदला. आणि उर्दूत बदला घेतला जातो तो ‘दुश्मन से’. हा ‘से’ इंग्रजीत उतरला की ‘फ्रॉम’ होतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. शाळा मराठी झाल्या. ‘फ्रॉम’ मात्र वहीत राहिला.

यावर वाद आहे. काही जुने शिक्षक म्हणतात, उर्दूला उगाच दोष देऊ नका, पुण्याची पोरंही हेच लिहितात, हे सगळं हिंदी सिनेमाचं देणं. त्यात तथ्य आहे, कारण हिंदीतही ‘से’च. पण मला खरी चूक तिसऱ्याच जागी दिसते. ‘व्हेन्जन्स’चा अर्थ फळ्यावर ‘बदला’ असा का लिहायचा? मराठीत ‘सूड उगवणे’ आहे, आणि सूड उगवतात तो कुणावर तरी. ‘त्याच्यावर सूड उगवला’ या वाक्यातला ‘वर’ म्हणजे इंग्रजीतला ‘ऑन’. नियम शिकवायची गरजच उरत नाही. आजीच्या बोलण्यात तो आधीपासून आहे.

‘सूड घेणे’ मात्र दगा देतं, आणि खरा गुंता तिथेच. ‘त्याने भावाचा सूड घेतला’ हे वाक्य दोनदा वाचा. भावाला कुणी मारलं म्हणून त्या मारेकऱ्याला धडा शिकवला? की जमिनीच्या वाटणीत भावानेच दगा दिला, म्हणून भावालाच धरलं? मराठीत दोन्ही बसतं; गावात भाऊबंदकी ठाऊक असते म्हणून ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. इंग्रजीला ही सवलत नाही. पहिल्या अर्थी ‘ही अव्हेन्ज्ड हिज ब्रदर’. दुसऱ्या अर्थी ‘ही टूक व्हेन्जन्स ऑन हिज ब्रदर’. दोन्हींची अदलाबदल केली तर मयत आणि आरोपी बदलतात. कारण सांगायचं तर ‘फॉर’ : ‘ही टूक व्हेन्जन्स ऑन द किलर फॉर हिज ब्रदर्स डेथ’. माणसाला ‘ऑन’, कारणाला ‘फॉर’. आणि ‘व्हेन्जन्स’ हे नाम. ‘आय विल व्हेन्जन्स यू’ असं काही नसतं. क्रियापद हवं तर ‘अव्हेंज’ घ्यावं. ‘अव्हेंज’ न्यायासाठी आणि ‘रिव्हेंज’ रागासाठी असा कडक भेद काही मार्गदर्शकांत छापलेला असतो. तो कल म्हणून ठीक आहे, पण इंग्रजी लिहिणारे तो दर वेळी पाळत नाहीत आणि गुण कापण्याइतका तो पक्का नाही.

दुसरी गफलत ‘खुन्नस’ची. बीड-नांदेडकडची पोरं ‘त्याची माझ्यावर खुन्नस आहे’ याचं ‘ही हॅज व्हेन्जन्स ऑन मी’ करतात. खुन्नस मनात असते, डूख मनात धरतात, त्याला ‘ग्रज’. मनातलं हातून घडतं तेव्हा ‘व्हेन्जन्स’.

२००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, आणि वर्तमानपत्रांतली, मोबाइलवरची इंग्रजी वाक्यं पोरांच्या नजरेखालून जायला लागली. तेव्हापासून ‘विथ अ व्हेन्जन्स’ने छळलं आहे. सोळाव्या शतकात या शब्दप्रयोगात शिव्याशापाचा अर्थ होता. पुढे तो झिजून फक्त ‘जबर, सपाटून’ एवढाच उरला. एरवी या शब्दाला सहसा ‘अ’ लागत नाही, इथे लागतो.

लातूरकरांना उदाहरण शोधावं लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर असा पाऊस कोसळला की नद्यांना पूर आले. ‘द रेन केम बॅक विथ अ व्हेन्जन्स.’ याचं भाषांतर वर्गात ‘पाऊस सूड घेऊन परत आला’ असं होतं. शेतात कुणी तसं म्हणत नाही. तिथे म्हणतात, पावसाने सगळी कसर काढली.