उड्डाण-चाचणी (भारतातील)

आराखड्यातले आकडे आणि हवेतले विमानाचे प्रत्यक्ष वागणे यांचा मेळ बसतो की नाही, हे टप्प्याटप्प्याने उड्डाणे करून तपासण्याच्या पद्धतीला उड्डाण-चाचणी म्हणतात. नव्या घडणीच्या विमानाची प्रायोगिक चाचणी आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाची उत्पादन-चाचणी हे तिचे दोन ठळक प्रकार. ही नोंद मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे आणि तिचा मोठा भाग एचएफ-२४ मरुत या लढाऊ विमानाने व्यापला आहे. अधिकृत माहिती, चाचणी वैमानिकांच्या आठवणी आणि विमानप्रेमींनी जमवलेली टिपणे ही तिन्ही साधने या विमानाबाबत भरपूर आहेत. ती एकमेकांशी भांडतातही सर्वांत जास्त.

आरंभ : भारतात उड्डाण-चाचणी केव्हा सुरू झाली, याविषयी एकमत नाही. मराठी लेखनात शिवकर बापूजी तळपदे यांचा उल्लेख पहिला येतो. तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीवर मनुष्यरहित यंत्र उडवले, असे सांगितले जाते. काही वर्णनांत ते सुमारे १,५०० फूट चढल्याचा आकडाही येतो. मात्र यंत्राचे वजन, रेटा देणाऱ्या साधनाची रचना, हवेत राहिल्याचा काळ यांपैकी एकाही गोष्टीची तपासता येईल अशी समकालीन नोंद उपलब्ध नाही. तळपदे यांच्या प्रयोगाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापेक्षा जुना नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांच्या जिज्ञासेचे मोल त्यामुळे कमी होत नाही; पण मोजमापाची नोंद हा चाचणीचा प्राण मानला, तर १८९५ हे वर्ष आरंभ म्हणून धरता येत नाही.

दुसरे मत १९४० च्या दशकाकडे बोट दाखवते. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दहा आसनी जी-१ हे ग्लायडर तयार झाले. त्याचे अभिकल्पक विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) हे मूळचे कोल्हापूर भागातील. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकीचे संशोधन केले होते. त्यांनीच अभिकल्पिलेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये कंपनीचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी प्रथम उडवले. स्वदेशी आराखडा, स्वदेशी बांधणी आणि टप्प्यांची आखलेली चाचणी या तिन्ही गोष्टी इंजिन असलेल्या विमानात एकत्र आल्या त्या येथे. त्यामुळे बहुतेक अभ्यासक एचटी-२ पासूनच सुरुवात करतात, आणि तेच सयुक्तिक वाटते.

पद्धती : पहिल्या उड्डाणाचा गाजावाजा होतो, पण चाचणीचे खरे काम त्यानंतर सुरू होते. विमान कोणत्या वेगापर्यंत, किती उंचीवर आणि किती जी-भारापर्यंत (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार) सुरक्षित आहे, याची सीमारेषा थोडीथोडी पुढे सरकवायची असते. आजच्या बिंदूचे आकडे नीट लागल्याशिवाय उद्याच्या बिंदूकडे जायचे नाही, हा या धंद्यातला नियम.

सर्वांत आधी वेगमापकच तपासावा लागतो. विमानाच्या अंगावरून वाहणारी हवा स्थिरदाबाच्या, म्हणजे भोवतालच्या हवेचा दाब टिपणाऱ्या, छिद्रापाशी वाकलेली असते, त्यामुळे वेग व उंची दोन्ही चुकीची दिसतात. ही चूक काढण्याची जुनी रीत साधी आहे. वैमानिक ठरलेल्या वेगाने धावपट्टीलगतच्या मनोऱ्यासमोरून खालून जातो. मनोऱ्यातला माणूस जाळीतून पाहून विमानाची खरी उंची टिपतो. उंचीमापकावरचा आकडा आणि हा आकडा यांतल्या फरकावरून दाबाची चूक निघते. मग दुसरा वेग, पुन्हा तीच फेरी. पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटते. पण हा तक्ता हाती नसेल तर पुढचा कोणताही आकडा विश्वासाचा नाही.

त्यानंतर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल एकाएकी कोसळण्याची अवस्था; मग गिरक्या घेत खाली येण्याची, म्हणजे स्पिनची चाचणी. तिच्यासाठी शेपटीला वेगळे पॅराशूट बसवतात. ‘फ्लटर’ ही पंख वा शेपटीची स्वतःहून वाढत जाणारी फडफड सर्वांत धोक्याची, कारण ती सुरू झाल्यावर विचाराला सेकंदभरच मिळतो. म्हणून वैमानिक नियंत्रणाच्या दांड्याला नेमका एक झटका देतो आणि कंप किती लवकर विरतो ते मोजले जाते. प्रत्येक वाढीव वेगाला कंप विरायला जास्त वेळ लागू लागला, की थांबायचे.

आकडे टिपण्याची साधने काळाप्रमाणे बदलली. पूर्वी विमानात दुसरा मापकफलक बसवून त्याचे छायाचित्र कॅमेऱ्याने ठरावीक अंतराने घेत. उतरल्यावर फिल्म धुऊन एकेक चौकट वाचावी लागे. वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्याने बांधलेले पॅड आणि त्यावर पेन्सिलने भरलेले टेस्ट कार्ड हा दुसरा आधार. आता दूरमापनाने शेकडो राशी त्याच क्षणी जमिनीवरच्या कक्षात उमटतात, तरी मांडीवरचे कार्ड गेलेले नाही.

विमान हाताळायला कसे वाटते, हेही मोजावे लागते. १९६९ मध्ये अमेरिकेत रूढ झालेल्या कूपर-हार्पर मापनश्रेणीत वैमानिक १ ते १० मधला आकडा देतो. १ ते ३ म्हणजे आहे तसे चालेल, ४ ते ६ म्हणजे सुधारणा व्हावी, ७ ते ९ म्हणजे सुधारणा झालीच पाहिजे आणि १० म्हणजे विमान ताब्यात राहत नाही. मताला आकडा दिल्यामुळे ते वस्तुनिष्ठ होते असे नाही, पण दोन वैमानिकांत वाद झालाच तर तो नेमका कोठे आहे हे कळते.

मरुत : युद्धकाळात फोके-वुल्फ कंपनीत गाजलेले आणि नंतर अर्जेंटिनात काम केलेले जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळुरूला आले. ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे जाऊ शकेल असे लढाऊ विमान बनवणे हे उद्दिष्ट होते. त्या वेळी देशात मोठे, ध्वनिवेगाच्या अल्याडपल्याड चालणारे वातविवर, म्हणजे विंड टनेल, नव्हते, बंगळुरूचे १.२ मीटरचे असे वातविवर १९६७ मध्ये सुरू झाले. त्यामुळे एक वेगळा मार्ग निवडला गेला. नियोजित विमानाच्या मापाचेच, दोन आसनी, लाकडी ग्लायडर बांधण्यात आले. डकोटा विमानाने ते दोराने ओढून वर न्यायचे, सोडून द्यायचे आणि उतरेपर्यंतच्या काही मिनिटांत सुकाणू, फ्लॅप व वायुरोधक यांचे परिणाम टिपायचे, अशी योजना होती. १९५९ च्या पूर्वार्धात या चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या उड्डाणाची नेमकी तारीख साधनांगणिक वेगळी दिसते. मार्च १९६० मध्ये उतरताना पुढचे चाक बाहेर न आल्याने ग्लायडरची हानी झाली. तोपर्यंत सत्तरहून अधिक उड्डाणे झाली होती. कमी वेगातले गुणधर्म त्यांतून चांगले कळले. ध्वनिवेगाजवळ काय होईल, हे मात्र ग्लायडर सांगू शकत नव्हते.

इंजिनासह पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. वैमानिक होते विंग कमांडर (पुढे ग्रुप कॅप्टन) सुरंजन दास. ब्रिटनच्या एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतलेले दास हे त्या पिढीतले सर्वांत प्रसिद्ध भारतीय चाचणी वैमानिक. १९६४ मध्ये किरण या जेट प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाणही त्यांनीच केले. मरुत १९६७ मध्ये हवाई दलाच्या १० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. प्रशिक्षण विमाने धरून एकूण १४७ मरुत बांधली गेली. १९७१ च्या युद्धातली त्यांची कामगिरी सुपरिचित आहे.

मरुत सपाट उड्डाणात ध्वनिवेगाच्या आसपासच का अडकले, हा वादाचा मुद्दा. रूढ उत्तर इंजिनाचे आहे. आराखडा ऑर्फियस १२ हे आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून रेटा वाढवणारे साधन) असलेले, सुमारे ३,७०० किग्रॅ. रेट्याचे इंजिन गृहीत धरून केला होता. ते इंजिन पूर्ण विकसित करण्याचा खर्च उचलण्यास भारत सरकार तयार झाले नाही आणि देशात बनणारे, सुमारे २,२०० किग्रॅ. रेट्याचे ऑर्फियस ७०३ दोनाच्या जोडीने बसवावे लागले. पर्यायांचा शोध इजिप्तपर्यंत गेला. हेलवान येथे तिथल्या ई-३०० इंजिनासाठी एक मरुत पाठवण्यात आले आणि मार्च १९६७ मध्ये ते या इंजिनासह उडाले. इजिप्तमध्ये चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले ग्रुप कॅप्टन कपिल भार्गव यांनी पुढे तिथल्या आठवणी लिहिल्या. १९६९ मध्ये तो प्रकल्प थांबला.

दुसरे मत विमानाच्या अंगाकडे पाहते. दोन इंजिनांच्या झोतनळ्यांभोवतीचा शेपटीकडचा भाग अपेक्षेपेक्षा जास्त ओढ, म्हणजे हवेचा विरोध, निर्माण करत होता आणि ध्वनिवेगाजवळ ती झपाट्याने वाढत होती, असे हे मत मांडणारे म्हणतात. त्यांचा मुख्य आधार मरुत मार्क १आर हे रूप. ऑर्फियस ७०३ ला स्वदेशी आफ्टरबर्नर जोडल्यावर रेटा वाढला खरा. पण त्यासाठी मागचा भाग रुंद करावा लागला आणि मिळालेला रेटा बराचसा वाढीव ओढीतच खर्ची पडला. याच रूपाच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी बंगळुरूला उड्डाण घेतल्यावर लगेच झालेल्या अपघातात दास यांचा मृत्यू झाला. कॉकपिटचे छत नीट बंद न राहणे हे कारण बहुतेक वर्णनांत येते. त्यासोबत ओढ वाढल्यामुळे चढण्याची ताकद कमी पडली, असेही काही जाणकार नोंदवतात.

दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. टँक यांनी अंगाची जाडी आणि मागचा घेर ज्या इंजिनासाठी बेतला होता, ते इंजिनच आले नाही, तेव्हा ओढीचा दोषही काही प्रमाणात इंजिनाच्या निर्णयातूनच जन्मलेला मानावा लागतो. मात्र ‘इंजिन मिळाले असते तर मरुतने मॅक २ (ध्वनीच्या दुप्पट वेग) गाठला असता’ हे वारंवार केले जाणारे विधान कोणत्याही चाचणीने सिद्ध झालेले नाही, आणि १आर चा अनुभव त्याच्या बाजूने बोलत नाही.

संस्था : हवाई दलाची विमान व प्रणाली चाचणी आस्थापना (एएसटीई) १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी बंगळुरूला हलली. चाचणी वैमानिक व चाचणी अभियंते यांना शिकवणारी शाळा तिच्याच अंतर्गत चालते. त्याआधी त्यांना ब्रिटन वा फ्रान्सला पाठवावे लागे. तेजस या स्वदेशी लढाऊ विमानाच्या कार्यक्रमासाठी पुढे राष्ट्रीय उड्डाण-चाचणी केंद्र उभे राहिले. तेजसच्या पहिल्या आदिरूपाने ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांच्या हाती १८ मिनिटांचे पहिले उड्डाण केले आणि १ ऑगस्ट २००३ रोजी ध्वनिवेग ओलांडला. मूळ रचनेतच अस्थिर असलेले हे विमान संगणकाशिवाय उडूच शकत नाही; म्हणून पहिल्या उड्डाणाआधीची कित्येक वर्षे जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये गेली. प्रायोगिक चाचण्यांच्या काळात तेजसचे एकही विमान गमावले नाही, ही गोष्ट या क्षेत्रात दुर्मीळ. उलट सारस या छोट्या प्रवासी विमानाचे दुसरे आदिरूप ६ मार्च २००९ रोजी बंगळुरूजवळ बिडदी येथे कोसळून त्यातले तिन्ही हवाई दल अधिकारी मृत्युमुखी पडले. हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी तेव्हा चालू होती.

महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे उत्पादन-चाचणीची परंपरा आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० एमकेआयपर्यंत तेथे तयार झालेले प्रत्येक विमान सोपवण्याआधी चाचणी वैमानिकांनी उडवून पाहिलेले असते. तेजस मार्क १ए चे नाशिकच्या उत्पादनरेषेवरील पहिले विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये येथूनच उडाले.

साधने : चाचणीचे मूळ अहवाल बहुधा गोपनीय राहतात. त्यामुळे जुन्या विमानांचा अभ्यास निवृत्त वैमानिक व तंत्रज्ञ यांच्या आठवणी, त्यांची लॉगबुके आणि विमानप्रेमींच्या खटपटीवर चालतो. आठवणीत तारखा घसरतात, वेग थोडे वाढतात. लॉगबुकातली एका ओळीची नोंद तेथे उपयोगी पडते. शेपटीवरचा क्रमांक हा विमानप्रेमींचा आवडता पुरावा. मरुतचे पहिले आदिरूप बीआर ४६१ आणि दुसरे बीआर ४६२. छायाचित्रात क्रमांक वाचता आला की ते कोणत्या टप्प्याचे आहे याचा अंदाज बांधता येतो. या मंडळींच्या चिकाटीमुळे मरुतविषयी जेवढे बारकावे हाती आहेत, तेवढे एचटी-२ किंवा कृषक हे हलके विमान यांच्याविषयी नाहीत. जी-१ ग्लायडरबाबत तर ओळखीची चार-दोन वाक्येच सर्वत्र फिरताना दिसतात.

जतन केलेली मरुत विमाने बंगळुरूच्या एचएएल हेरिटेज सेंटरमध्ये आणि मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहता येतात. एक मरुत जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथील संग्रहालयातही आहे. विमानाच्या मागच्या बाजूला उभे राहिले, तर दोन झोतनळ्यांच्या मधली जाडी आणि त्यांभोवतीचा घेर दिसतो. वर सांगितलेला ओढीचा वाद नेमका या जागेविषयी आहे.