भेंडीचं पाणी आणि गुडघ्यातलं पाणी

गेल्या महिन्यात मावशीकडे गेले, तर ओट्यावर काचेच्या पेल्यात उभ्या चिरलेल्या चार भेंड्या भिजत घातलेल्या. पाण्याला तार सुटलेली. "डॉक्टर म्हणाले ना, गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणून. त्यावर हे चांगलं असतं," मावशी म्हणाली आणि तिने मला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. भेंडी बुळबुळीत, गुडघ्यातला द्रवही बुळबुळीत, म्हणून एकाने दुसऱ्याची भरपाई होते, एवढाच त्यातला युक्तिवाद होता.

भेंडीतला चिकट पदार्थ म्हणजे लांबच लांब साखळीची शर्करा. ती आपल्या लहान आतड्यात पचत नाही. पुढे मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू तिला आंबवून टाकतात. ती रक्तातच उतरत नाही, मग गुडघ्यापर्यंत पोचणार कशी? भाजी म्हणून भेंडी जरूर खावी. मला मात्र त्या पेल्यापेक्षा 'वंगण संपलं' या दोन शब्दांची जास्त काळजी वाटली. वंगण संपलेलं यंत्र आपण कमी चालवतो. मावशीनेही नेमकं तेच केलं होतं. संध्याकाळचं फिरणं बंद, देवळाच्या पायऱ्या बंद, सगळा दिवस खुर्चीत. आणि गुडघा महिन्यागणिक जास्तच आखडत चाललेला.

पहिली गोष्ट अशी की, गुडघ्यात फार वंगण कधी नसतंच. निरोगी गुडघ्यातला द्रव चहाच्या चमचाभराहून कमी भरतो. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात तो उलट वाढलेला असतो. 'गुडघ्यात पाणी झालं' म्हणतात ते हेच. द्रव पातळ होतो, त्याचा कस उतरतो हे खरं, पण तो आटत नाही.

मग सांधा इतका गुळगुळीत चालतो कशामुळे? त्याचं उत्तर आहे कूर्चा, हाडांच्या टोकांवरचं पांढरंशुभ्र, चमकदार अस्तर. मटणाच्या नळीच्या टोकाला ते अनेकांनी पाहिलं असेल. बोलीत आपण त्याला 'गादी' म्हणतो. गुडघ्यात या गादीची जाडी फार तर काही मिलिमीटर असते आणि तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग निव्वळ पाणी असतं. दोन कूर्चा एकमेकींवर सरकताना होणारं घर्षण बर्फावर बर्फ सरकताना होणाऱ्या घर्षणाहूनही कमी असू शकतं. इतकी निसरडी आणि इतकी टिकाऊ जोडी माणसाला अजून तरी बनवता आलेली नाही.

हे घडतं कसं, ते सायकलच्या चाकावरून समजून घेऊ. ट्यूबला फुगायचं असतं, टायर तिला आवरून धरतो आणि दोघांच्या ओढाताणीतून चाक टणक होतं. कूर्चेत ट्यूबचं काम करतो ॲग्रिकन नावाचा रेणू. बाटली घासायच्या ब्रशसारखा तो दिसतो, मधे दांडा आणि चहूबाजूंनी केस. या केसांवर ऋण विद्युतभार खच्चून भरलेला असतो. तो सोडियमचे धन आयन ओढून घेतो आणि आयनांच्या मागोमाग पाणी आत शिरतं. शाळेत पाण्यात टाकलेल्या मनुका फुगताना पाहिल्या होत्या, तोच परासरण दाब. शिवाय केसांवरचे सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे ब्रश पिंजारलेलाच राहतो. टायरचं काम करतात कोलॅजेन या प्रथिनाचे धागे. ताणाला अत्यंत बळकट असलेलं त्यांचं जाळं त्या फुगणाऱ्या जेलीला हद्दीबाहेर जाऊ देत नाही.

आता तुम्ही पाऊल टाकता. शरीराचा भार कूर्चेवर येतो आणि आतलं पाणी बाहेर पळू बघतं. पण त्या ब्रशांच्या दाटीतून वाट इतकी अरुंद असते की ते चटकन निसटू शकत नाही. अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि भार पडल्यापडल्या त्यातला ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा पाणीच उचलतं. कूर्चेच्या घन भागावर उरतो तो थोडासाच, म्हणून घासणंही थोडंच. एकाच जागी बराच वेळ भार राहिला तर मात्र पाणी हळूहळू झिरपून जातं, घन भाग घन भागावर टेकतो आणि घर्षण चढत जातं. तासभर एका जागी उभं राहणं तासभर चालण्याहून जड का जातं, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

चालताना भाराची जागा सतत सरकते. दबलेला भाग पुढच्या क्षणी मोकळा होतो आणि पाणी परत ओढून घेतो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात डेव्हिड बरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून मजेशीर गोष्ट दाखवली. कूर्चेचा तुकडा पुरेशा वेगाने काचेवर सरकवला, तर कडेच्या निमुळत्या फटीत द्रव कोंबला जातो आणि भार तसाच असतानाही निघून गेलेलं पाणी कूर्चेत परत शिरतं. म्हणजे हालचालच कूर्चेत पाणी भरते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिच्या पेशींचं अन्नही याच पाण्यातून येतं. बसून राहिलेल्या गुडघ्याचे दोन्ही तोटे होतात.

झिजेच्या संधिवातात काय बिघडतं, तर टायर आणि ट्यूब दोन्ही. कोलॅजेनचं जाळं उसवतं. पेशींनीच सोडलेली विकरं (एन्झाइम) ॲग्रिकनचे तुकडे करतात. जाळं सैल पडल्यावर कूर्चेतलं पाणी आधी वाढतं, पण आता ती मऊ पडलेली असते, दाब धरत नाही आणि भार घन भागावर जातो.

हे जाळं नव्याने विणता येतं का? १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सर्गी रूप, जवळजवळ दुपटीला पोचला होता आणि त्या काळात शरीरात जे काही घडलं त्यावर त्याची खूण राहिली. तिच्या आधारे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं वय काढलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की प्रौढपणी हे कोलॅजेन जवळपास बदलतच नाही, मग गुडघा निरोगी असो वा आजारी. वाढीच्या वयात विणलेलं जाळंच आयुष्यभर पुरवायचं असतं. कोलॅजेनची महागडी पावडर आधी पोटात पचते आणि तिची अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात. त्यातून गुडघ्यातलं जाळं पुन्हा विणलं जाईल ही आशा जाहिरातींनी लावली आहे.

मात्र कूर्चेला चेतातंतूही नसतात, म्हणजे दुखते ती कूर्चा नव्हेच. दुखतं ते सांध्याचं आतलं आवरण, कूर्चेखालचं हाड आणि भोवतालच्या ऊती. म्हणूनच एक्स-रेमध्ये गुडघा पार झिजलेला दिसणारा माणूस कधी आरामात जिने चढतो आणि जेमतेम झीज असलेला कळवळतो. गादी परत येत नसली तरी दुखणं कमी होऊ शकतं, ते यामुळेच.

त्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा. मांडीचे स्नायू बळकट करणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठबस करणं, सपाटीवर चालणं. सुरुवातीला थोडं दुखेल, त्याने झीज वाढत नाही. पद्धत फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावी. दुसरं वजन. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शरीराचं वजन एक किलोने उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो असं मोजलं गेलं. दिवसाच्या हजारो पावलांनी त्याला गुणून पाहा. वेदनाशामक मलम गोळीपेक्षा सुरक्षित. पोटात घ्यायच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेऊ नयेत, जठर आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.

गुडघ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या सुमारे १६०० रुग्णांवर तपासल्या गेल्या, निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एकूण रुग्णांत त्या औषध नसलेल्या खोट्या गोळीहून सरस ठरल्या नाहीत. 'वंगणाच्या इंजेक्शना'चा फायदाही मोठ्या चाचण्यांत अगदी किरकोळ दिसतो. दुर्बिणीने गुडघा 'साफ' करण्याचंही तसंच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १८० रुग्णांवरच्या चाचणीत काहींच्या कातडीवर फक्त छेद दिले होते, आणि खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण त्यांच्याहून बरे ठरले नाहीत. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र योग्य रुग्णाला खरोखर चालतं करते, आणि २०१७ पासून आपल्याकडे कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर सरकारी मर्यादाही आहे.

तांब्याचं कडं किंवा चुंबकाचा पट्टा वापरून निदान शरीराची सहसा हानी होत नाही. पण नाव-गाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार झाला तर घाबरावं. अशा पुड्यांत लपवून मिसळलेली स्टेरॉइड सापडलेली आहेत. त्यांनी हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि अचानक बंद केली तर जिवावर बेततं.

हे सगळं झिजेबद्दल झालं. आपण 'वात' या एका शब्दात बरंच काही कोंबतो. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते, आणि पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद होऊन चादरही सहन होत नसेल, तर युरिक आम्ल तपासावं. आणि एखादा सांधा अचानक सुजून गरम झाला, सोबत ताप असला, तर आत जंतुसंसर्ग असण्याची भीती असते. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.